मुक्त स्रोत आज्ञावलीची स्रोतापासून उभारणी : ‘टेसरॅक्ट’ आणि मराठी मजकूर

बीजसंज्ञा : मुक्त स्रोत, कमांड लाइन, कंपायलर, टेसरॅक्ट, अक्षरओळख, देवनागरी

प्रास्ताविक

मराठीतील जुनी नियतकालिके, गॅझेटियर, शासकीय अहवाल आणि दुर्मीळ ग्रंथ यांच्या स्कॅन केलेल्या प्रती आता अभ्यासकांस मोठ्या प्रमाणावर उपलब्ध होऊ लागल्या आहेत. परंतु स्कॅन केलेले पान हे संगणकाच्या दृष्टीने निव्वळ चित्र असते. त्यात एखादा शब्द शोधता येत नाही, त्यातील उतारा उचलून घेता येत नाही, की त्याची शब्दसूची करता येत नाही. हे चित्र वाचून त्याचे युनिकोड मजकुरात रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीस अक्षरओळख आज्ञावली अथवा ओसीआर असे म्हणतात. ‘टेसरॅक्ट’ ही या वर्गातील सुपरिचित मुक्त स्रोत आज्ञावली होय. ती कमांड लाइनवर, म्हणजे माऊसने बटणे न दाबता आज्ञा टंकून, चालवावयाची असते. आणि ती मराठी वाचते.

उबुंटू अथवा डेबियन या लिनक्स वितरणांवर ही आज्ञावली एका आज्ञेसरशी मिळते. ‘टेसरॅक्ट-ओसीआर’ आणि ‘टेसरॅक्ट-ओसीआर-मार’ ही दोन तयार पॅकेजे मागवली की काही मिनिटांत काम सुरू होते. असे असताना तिचा मूळ स्रोत उतरवून घ्यावा, तो आपल्याच संगणकावर संकलित करावा आणि मग ती प्रस्थापित करावी, ही उठाठेव कोणी आणि का करावी? संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यास तो अभ्यासाचा भाग म्हणता येईल. पण भाषा, इतिहास वा समाजशास्त्र शिकविणाऱ्या प्राध्यापकास त्याचे प्रयोजन काय? प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, ज्या साधनाने आपण आपली संशोधनसामग्री तयार करतो ते साधन कशाकशाचे बनले आहे आणि त्यातून काय वगळले गेले आहे, हे तयार पॅकेज आपणहून सांगत नाही. उभारणीची प्रक्रिया मात्र ते पायरीपायरीने सांगते. ही प्रक्रिया एकदा तरी स्वतः करून पाहिलेल्या अभ्यासकाचा त्या साधनाकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलतो.

प्रस्तुत लेखात आज्ञा उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत. प्रत्यक्ष टंकताना त्या लहान रोमन अक्षरांत टंकावयाच्या असतात, एवढे ध्यानात ठेवावे.

स्रोत आणि त्याचे यंत्ररूप

आज्ञावली लिहिणारा मनुष्य ती सी, सी प्लस प्लस यांसारख्या भाषेत लिहितो. हा मजकूर वाचता येतो, त्यावर टिपण करता येते, त्यात बदल करता येतो. यासच स्रोत किंवा सोर्स कोड म्हणतात. संगणकाचा प्रोसेसर मात्र ही भाषा जाणत नाही. त्याला केवळ अंकरूप यंत्रभाषा समजते. स्रोताचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीस कंपायलर म्हणतात. तयार पॅकेजमध्ये आपणास मिळते ते हे यंत्ररूप. ते चालते, पण वाचता येत नाही.

बाजारातून पिठाची पिशवी आणणे आणि घरचे धान्य निवडून गिरणीत दळून आणणे यांत जो फरक आहे, तोच येथे आहे. पिशवीतल्या पिठाची भाकरी होतेच. पण त्यात कोणत्या वाणाची ज्वारी आहे, ती केव्हाची आहे, दळण किती बारीक काढले आहे, हे ठरविणारा दुसराच कोणी असतो.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. पुढे त्यांनी मुक्त आज्ञावलीची जी व्याख्या मांडली, तीत वापरकर्त्याची चार स्वातंत्र्ये सांगितली आहेत : आज्ञावली हव्या त्या कामासाठी चालविणे, ती अभ्यासणे व बदलणे, तिच्या प्रती वाटणे, आणि आपण बदललेल्या प्रती वाटणे. यांपैकी दुसऱ्या स्वातंत्र्याचे वैशिष्ट्य असे की, ते परवान्याच्या कागदावर प्रत्येकाला मिळालेले असले तरी ज्याला स्रोतापासून आज्ञावली उभी करता येते त्यालाच ते वापरता येते. बदललेला स्रोत संकलित करता येत नसेल, तर तो बदल कागदावरच राहतो. आपल्या महाविद्यालयांतून मुक्त स्रोताविषयी जी व्याख्याने होतात, त्यांत ‘फुकट मिळते’ या एका गुणावरच बहुधा सारा भर असतो. प्रस्तुत लेखकास तो गुण दुय्यम वाटतो.

टेसरॅक्टची वाटचाल

टेसरॅक्टचा जन्म ह्युलेट-पॅकार्ड कंपनीच्या ब्रिस्टल येथील प्रयोगशाळेत झाला. १९८५ ते १९९४ या काळात तेथे व कोलोरॅडोतील ग्रीली येथे तिचे काम चालले. त्यानंतर बरीच वर्षे ती जवळजवळ पडून होती. २००५ साली तिचा स्रोत खुला करण्यात आला. २००६ पासून २०१८ पर्यंत तिच्या विकासाची धुरा गूगलने वाहिली, आणि त्यानंतर ती विकासकांच्या खुल्या समुदायाकडे आहे. तिला अपाची परवान्याची दुसरी आवृत्ती लागू आहे.

मराठीच्या दृष्टीने महत्त्वाचा टप्पा म्हणजे ऑक्टोबर २०१८ मधील चौथी आवृत्ती. तोपर्यंतचे तंत्र मुख्यतः ओळीतील अक्षरे सुटी करून एकेक ओळखण्याचे होते. रोमन छपाईत अक्षरे मुळातच सुटी असतात. देवनागरीत शिरोरेषा त्यांना एकत्र बांधते, मात्रा वर जाते, उकार खाली येतो आणि जोडाक्षरात एक अक्षर दुसऱ्याच्या पोटात शिरते; त्यामुळे कोठे कापावे हाच मोठा प्रश्न होता. चौथ्या आवृत्तीत एलएसटीएम या प्रकारच्या चेतापेशीय जाळ्याचा अंतर्भाव झाला. हे जाळे अक्षरे न कापता संपूर्ण ओळ एका टोकाकडून वाचत जाते.

पाचवी आवृत्ती नोव्हेंबर २०२१ मध्ये आली. तिच्यातील एक बदल जुन्या कागदांवर काम करणाऱ्यांनी आवर्जून ध्यानात घ्यावा असा आहे. ओळख सुरू होण्यापूर्वी पानाचे चित्र शुद्ध काळ्या-पांढऱ्यात बदलले जाते. त्यासाठी करड्या छटांपैकी कोणत्या छटेच्या अलीकडे शाई मानावी आणि पलीकडे कागद, ही सीमा ठरवावी लागते. पूर्वी ओत्सू यांच्या पद्धतीने ही सीमा संपूर्ण चित्रासाठी एकच धरली जाई. एका कोपऱ्यात पाण्याचा डाग असलेल्या आणि कडेने पिवळ्या पडलेल्या पानाला अशी एकच सीमा कशी पुरणार? पाचव्या आवृत्तीत पानाच्या भागाभागाप्रमाणे सीमा बदलणाऱ्या दोन पद्धतींचा पर्याय उपलब्ध झाला. आता उबुंटूच्या २२.०४ या दीर्घकालीन वितरणाच्या भांडारात असलेली टेसरॅक्ट ४.१.१ आहे. म्हणजे त्या वितरणावर विसंबलेल्या संगणकाच्या भांडारात हा पर्यायच नाही. स्रोतापासून उभारणी करण्याचे हे एक अगदी व्यावहारिक कारण होय.

दुसरे कारण आपल्या परिचयाचे आहे. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील संगणकावर प्रशासकाचा पासवर्ड प्राध्यापकाकडे नसतो, आणि तयार पॅकेज बसवावयास तो लागतोच. स्रोतापासून उभारलेली आज्ञावली मात्र आपल्या स्वतःच्या होम डिरेक्टरीतही बसविता येते. कोणाच्या सहीची वाट पाहावी लागत नाही. कंपायलर मात्र त्या यंत्रावर आधीपासून असावा लागतो. जेथे सी भाषा शिकविली जाते त्या प्रयोगशाळेत तो बहुधा असतोच. पाचव्या टेसरॅक्टला सी प्लस प्लस भाषेचे २०१७ चे प्रमाण जाणणारा कंपायलर लागतो, त्यामुळे फार जुन्या यंत्रावर पहिल्या पायरीलाच गाडी अडू शकते.

कॉन्फिगर : यंत्राची झडती

स्रोत उतरवून घेतल्यावर त्या डिरेक्टरीत प्रथम ‘ऑटोजेन डॉट एसएच’ ही लहानशी पटकथा चालवावयाची असते. तिच्यातून ‘कॉन्फिगर’ नावाची दुसरी, बरीच मोठी पटकथा निर्माण होते. अनेक आज्ञावल्यांच्या स्रोतासोबत ही कॉन्फिगर पटकथा आयतीच दिलेली असते. टेसरॅक्टच्या भांडारातून घेतलेल्या स्रोतात ती आपणास तयार करावी लागते. हा फरक आता किरकोळ वाटला तरी पुढे त्याची पुन्हा आवश्यकता पडणार आहे.

कॉन्फिगर ही उभारणीतील सर्वांत बोलकी पायरी होय. यंत्रागणिक परिस्थिती वेगळी असते. कोठे एखादी लायब्ररी असते, कोठे नसते, कोठे जुनी असते. या वेगळेपणाला तोंड देण्यासाठी डेव्हिड मॅकेंझी यांनी १९९१ मध्ये ऑटोकॉन्फ हे साधन लिहिण्यास आरंभ केला, आणि कॉन्फिगर पटकथा त्याचेच अपत्य आहे. ती चालू केली की पडद्यावर ओळींमागून ओळी सरकू लागतात : अमुक आहे काय? आहे. तमुक आहे काय? नाही. यापैकी पुष्कळशी उत्तरे ती नुसती शोधून मिळवीत नाही; चार-पाच ओळींची चिमुकली आज्ञावली लिहून, ती प्रत्यक्ष संकलित करून पाहते. संकलन झाले तर ती सोय आहे, नाही तर नाही. अनेक वाचक या सरकत्या ओळींकडे दुर्लक्ष करतात. तसे करू नये.

याचे कारण सांगण्यासाठी लेप्टोनिका या लायब्ररीचा दाखला घेऊ. टेसरॅक्ट स्वतः चित्र उघडत नाही. ते काम डॅन ब्लूमबर्ग यांनी लिहिलेली लेप्टोनिका करते. लेप्टोनिकाला पीएनजी, जेपेग, टिफ या चित्रप्रकारांसाठी आणखी निराळ्या लायब्रऱ्या लागतात. त्यांचे केवळ यंत्ररूप असून भागत नाही. संकलनासाठी त्यांच्या हेडर फायली लागतात, आणि डेबियन व उबुंटूमध्ये त्या ‘डेव्ह’ हा शब्द शेवटी असलेल्या वेगळ्या पॅकेजांत ठेवलेल्या असतात. समजा, लेप्टोनिकाही आपणच उभारीत आहोत आणि टिफच्या हेडर फायली यंत्रावर नाहीत. अशा वेळी उभारणी थांबेल अशी आपली अपेक्षा असते. ती थांबत नाही. कॉन्फिगर ‘टिफ : नाही’ अशी नोंद करते, टिफ वगळून लेप्टोनिका तयार होते, त्यावर टेसरॅक्टही तयार होते, आणि सारे सुरळीत पार पडल्याचा भास होतो. ग्रंथालयाने दिलेली टिफ चित्रे उघडावयाची वेळ आली की मग दोष दिसतो, आणि तोवर तो कोठून आला हे कोणाच्याच ध्यानात येत नाही. तो आला होता त्या सरकत्या ओळींपैकी एका ओळीत.

म्हणून उभारणी झाल्यावर ‘टेसरॅक्ट’ या नावापुढे दोन आडव्या रेघा व ‘व्हर्जन’ हा शब्द देऊन जी माहिती मिळते ती लक्षपूर्वक वाचावी. तीत टेसरॅक्टच्या आवृत्तीखाली लेप्टोनिकाची आवृत्ती आणि तिच्यात अंतर्भूत झालेल्या चित्र-लायब्रऱ्यांची यादी येते. जी लायब्ररी यादीत नाही, ती आपल्या साधनात नाही.

कॉन्फिगरला देण्याचा सर्वांत उपयुक्त पर्याय ‘प्रीफिक्स’ हा होय. आज्ञावली कोठे बसवावयाची ते स्थान त्यात सांगतात. काहीच सांगितले नाही तर ‘यूएसआर’मधील ‘लोकल’ ही डिरेक्टरी धरली जाते. वितरणाच्या पॅकेजांशी गल्लत होऊ नये म्हणून स्थानिक उभारणीसाठी ही जागा परंपरेने राखून ठेवलेली आहे. पासवर्ड नसलेल्या प्राध्यापकाने प्रीफिक्समध्ये आपल्या होम डिरेक्टरीतील एखादे स्थान द्यावे. लेप्टोनिकाही तेथेच बसविली असेल तर तिचा पत्ता ‘पीकेजी कॉन्फिग पाथ’ या पर्यावरण-चलातून कॉन्फिगरला कळवावा लागतो, अन्यथा ती शेजारी असूनही सापडत नाही.

मेक

कॉन्फिगर यशस्वी झाल्यावर ‘मेकफाइल’ नावाची फाइल तयार होते आणि ‘मेक’ ही आज्ञा तीनुसार काम करते. स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल प्रयोगशाळेत १९७६ साली मेक लिहिली. जवळजवळ अर्धशतकानंतरही ती वापरात आहे, यातच तिच्या कल्पनेचे बळ दिसते. कल्पना साधी आहे. कोणती फाइल कोणत्या फायलींपासून बनते ते लिहून ठेवावयाचे. मूळ फाइल तिच्यापासून बनलेल्या फाइलपेक्षा नवी असेल तरच ती पुन्हा संकलित करावयाची. त्यामुळे शेकडो फायलींच्या स्रोतात एकीत बदल केला, तर तिच्यावर अवलंबून असलेल्या फायलीच नव्याने संकलित होतात. ‘मेक’पुढे ‘-जे४’ असे दिल्यास चार संकलने एकाच वेळी चालतात आणि वेळ वाचतो.

नवे-जुने मेक ठरविते ते फायलींवरील वेळेवरून. जुन्या प्रयोगशाळांतील संगणकांच्या मदरबोर्डवरील बॅटरी संपलेली असते, आणि यंत्र चालू केले की त्याचे घड्याळ कित्येक वर्षे मागे गेलेले असते, हा अनुभव कोणास नाही? अशा यंत्रावर मेकला सर्व फायली भविष्यकाळातील दिसतात आणि घड्याळात तफावत असल्याची, उभारणी अपुरी राहिली असण्याची सूचना ती देते. ही सूचना खरी मानून आधी तारीख दुरुस्त करावी.

संकलन आणि जोडणी या दोन भिन्न क्रिया आहेत, हेही येथे सांगितले पाहिजे. प्रत्येक स्रोत-फाइलीचे स्वतंत्र यंत्ररूप प्रथम तयार होते. मग ती सर्व एकत्र जोडली जातात. हेडर फाइल नसेल तर चूक संकलनात दिसते, लायब्ररी नसेल तर जोडणीत. त्रुटीच्या संदेशांचा ढीग पडद्यावर आला की शेवटची ओळ वाचण्याकडे कल होतो, पण कारण बहुधा पहिल्या त्रुटीत असते; पुढच्या तिच्याच पोटी जन्मलेल्या असतात.

प्रस्थापना

‘मेक इन्स्टॉल’ ही आज्ञा तयार झालेल्या फायली प्रीफिक्सने ठरविलेल्या जागी नेऊन ठेवते. जागा ‘यूएसआर-लोकल’ असेल तर प्रशासकाचे अधिकार लागतात. त्यानंतर टेसरॅक्ट चालविली असता, ‘लिबटेसरॅक्ट’ ही सामायिक लायब्ररी उघडता येत नाही, असा संदेश पुष्कळदा येतो. फाइल तर समोर दिसत असते. घडते असे की, कोणती लायब्ररी कोठे आहे याची एक सूची यंत्र बाळगून असते आणि नवी लायब्ररी तीत अद्याप चढलेली नसते. ‘एलडीकॉन्फिग’ ही आज्ञा एकदा दिली की सूची नवी होते.

यंत्रावर पॅकेजची टेसरॅक्ट आधीच असेल तर आता तेथे दोन टेसरॅक्ट नांदू लागतात. आज्ञा टंकल्यावर कोणती धावेल हे ‘पाथ’ या चलातील डिरेक्टरींच्या क्रमावर अवलंबून असते. ‘विच टेसरॅक्ट’ असे विचारून ते पाहून घ्यावे. तीन महिने पाचव्या आवृत्तीवर काम केले अशी समजूत असावी आणि प्रत्यक्षात चौथीच धावत असावी, असे होणे मुळीच अशक्य नाही.

स्रोतापासून बसविलेल्या आज्ञावलीची वितरणाच्या पॅकेज-व्यवस्थेला खबर नसते. सुरक्षेच्या दुरुस्त्या तिला आपोआप मिळत नाहीत. ती काढून टाकावयाची झाल्यास त्याच स्रोत-डिरेक्टरीतून ‘मेक अनइन्स्टॉल’ द्यावे लागते, म्हणून ती डिरेक्टरी जपून ठेवावी. हे ओझे खरे आहे, आणि म्हणूनच प्रत्येक आज्ञावली स्रोतापासून उभारावी असे सांगणाऱ्यांशी प्रस्तुत लेखक सहमत नाही. लेखनाचा संपादक, ब्राउझर, छपाईची सोय ही खुशाल पॅकेजमधून घ्यावीत. ज्या साधनाच्या निकालावर आपला निबंध उभा राहणार आहे, त्याच्यापुरता हा खटाटोप सार्थ ठरतो.

मराठीची विदा

एवढे झाल्यावरही टेसरॅक्टला मराठी येत नाही. तिला काहीच येत नाही. भाषेचे ज्ञान स्रोतात नसते. ते ‘ट्रेन्डडेटा’ या प्रकारच्या वेगळ्या फाइलीत असते आणि मराठीची फाइल ‘मार’ या तीन अक्षरी संकेताने ओळखली जाते. ती प्रीफिक्समधील ‘शेअर’ या डिरेक्टरीतील ‘टेसडेटा’ येथे आणून ठेवावी लागते. अन्यत्र ठेवल्यास ‘टेसडेटा प्रीफिक्स’ या चलातून तो पत्ता द्यावा. त्यानंतर आज्ञा अशी : ‘टेसरॅक्ट’, मग चित्राच्या फाइलीचे नाव, मग निकालाच्या फाइलीचे नाव, आणि शेवटी ‘-एल मार’. चित्र किमान ३०० डीपीआयचे असावे.

ही फाइल निवडताना मात्र थांबून विचार करावा. ती ‘फास्ट’ आणि ‘बेस्ट’ अशा रूपांत मिळते. पहिली लहान व वेगवान आहे, आणि डेबियन-उबुंटूची पॅकेजे तीच देतात. दुसरी संथ आहे. परंतु आपल्याजवळचे नमुने देऊन पुढे शिकविता येते ती हीच. ‘फास्ट’मधील आकडे पूर्णांकांत आवळून ठेवलेले असल्याने तिला नवे काही शिकविता येत नाही. मराठीच्या अभ्यासकास या फरकाचे मोल मोठे आहे. आपल्या छपाईत ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदी वळणांहून निराळी आहेत. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतील अर्धा र हिंदीत नाहीच. ‘ळ’ मराठीत पदोपदी येतो. जुन्या मुंबई-पुण्याच्या खिळ्यांची वळणे तर आणखी वेगळी. शिवाय १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांपूर्वीच्या छपाईत ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘घरांत’ असे व्युत्पत्तीचे अनुस्वार भरलेले आहेत. ट्रेन्डडेटा फाइलीच्या पोटात एक शब्दसूचीही बसविलेली असते आणि वाचनाच्या वेळी ती विचारात घेतली जाते. ‘मेक ट्रेनिंग’ दिल्यावर तयार होणाऱ्या साधनांपैकी ‘कम्बाइन टेसडेटा’ या आज्ञेने ही फाइल उकलून तिचे घटक वेगळे करता येतात. जुन्या अनुस्वारांवर ज्याचे संशोधन आहे, त्याने निकालातील अनुस्वार मोजण्यापूर्वी दहा-वीस पाने मूळ प्रतीशी ताडून पाहिलीच पाहिजेत, आणि आवश्यक वाटल्यास शब्दसूचीचा वापर बंद ठेवून तीच पाने पुन्हा वाचवून घ्यावीत. अनुस्वार कागदावरून आला की गेला आणि तो कोणी आणला वा नेला, हे अन्यथा सांगता यावयाचे नाही.

येथे मुक्त स्रोताच्या कल्पनेलाही एक मर्यादा पडते. टेसरॅक्टचा स्रोत वाचता येतो, पण जाळ्याचे शिक्षण ज्या आकड्यांत साठविले आहे ते वाचून ‘ळ’विषयी त्याने काय ठरविले हे कोणासही समजत नाही. तेथे परीक्षा घेणे हाच उपाय उरतो.

विश्वासाचा प्रश्न

स्रोतापासून उभारले म्हणजे साधन निर्धोक झाले, असा एक समज आढळतो. केन टॉम्प्सन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या निमित्ताने केलेल्या आणि १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात या समजाचा पायाच काढून घेतला होता. कंपायलरमध्येच लबाडी दडविलेली असेल, तर स्वच्छ स्रोतातूनही दूषित यंत्ररूप निघते, आणि स्रोत कितीही वाचला तरी तिचा माग लागत नाही, हे त्यांनी दाखविले.

चाळीस वर्षांनी, २९ मार्च २०२४ रोजी, याच जातीची एक घटना उघड झाली. ‘एक्सझेड’ ही फायली आवळून लहान करणारी कमांड लाइन आज्ञावली लिनक्सच्या बहुतेक वितरणांत असते. तिच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत दूरस्थ प्रवेशाची एक चोरवाट घातलेली आढळली. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने ती शोधली, तीही स्रोत वाचून नव्हे. एसएसएचने प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक का लागतो, या शंकेचा पाठपुरावा करताना. घातक अंश चाचणीच्या फायलींत लपविलेला होता. त्याला जागे करणारी पटकथा मात्र खुल्या भांडारात नव्हती. ती होती केवळ प्रकाशित गठ्ठ्यात, कॉन्फिगर घडविणाऱ्या फायलींमध्ये. हजारो ओळींची ती आयती कॉन्फिगर कोणी वाचत नाही, हे ओळखूनच ही जागा निवडलेली होती. गठ्ठ्यावरील अंकीय स्वाक्षरीही अस्सल होती, कारण देखभाल करणाऱ्यांपैकीच एकाने तो प्रकाशित केला होता. धान्य निवडून घेतले तरी खडा गिरणीतच मिसळला गेला.

या प्रकरणातील एका तपशिलाकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही. ती पटकथा आधी आपण कोठे चालत आहोत हे तपासून पाही, आणि डेबियन वा आरपीएम पद्धतीचे पॅकेज तयार होत असेल तरच कामाला लागे. घरी हाताने उभारणी करणाऱ्याच्या यंत्रावर ती गप्प बसे. लक्ष्य होते ते पिठाच्या पिशव्या भरणारे. दूषित आवृत्त्या प्रमुख वितरणांच्या स्थिर शाखांत पोहोचण्यापूर्वीच घटना उघड झाल्याने मोठा अनर्थ टळला.

टेसरॅक्ट उभारणाऱ्याने यातून एक सवय उचलावी. स्रोत प्रकल्पाच्या मूळ भांडारातूनच, आवृत्तीच्या खुणेसह घ्यावा आणि कॉन्फिगर स्वतः ‘ऑटोजेन’ने घडवावी. तिसऱ्याच ठिकाणाहून मिळालेला आयता गठ्ठा वापरू नये. वापरावाच लागला तर त्याची एसएचए-२५६ बेरीज प्रकल्पाने दिलेल्या बेरजेशी ताडून पाहावी.

नोंद ठेवण्याविषयी

अक्षरओळखीने मिळविलेल्या मजकुरावर आधारलेल्या शोधनिबंधात ‘ओसीआरचा वापर केला’ एवढे एकच वाक्य देण्याची प्रथा पडली आहे. रसायनशास्त्राच्या निबंधात ‘तराजूचा वापर केला’ असे लिहून चालेल काय? टेसरॅक्टची आवृत्ती, लेप्टोनिकाची आवृत्ती, ट्रेन्डडेटा फाइल ‘फास्ट’ होती की ‘बेस्ट’ आणि तिची एसएचए-२५६ बेरीज, पानाची मांडणी ओळखण्यासाठी दिलेला ‘पीएसएम’ क्रमांक, काळ्या-पांढऱ्याची सीमा ठरविण्याची पद्धत, शब्दसूची चालू होती की बंद, आणि ताडून पाहिलेल्या पानांतील चुकांचे प्रमाण, एवढा तपशील परिशिष्टात अर्ध्या पानात मावतो. तो दिला असेल तर दुसऱ्या महाविद्यालयातील अभ्यासक तेच साधन उभारून तीच पाने पुन्हा वाचवू शकतो. उभारणीपुरती नोंद तर यंत्रानेच करून ठेवलेली असते : स्रोत-डिरेक्टरीत ‘कॉन्फिग डॉट लॉग’ नावाची फाइल असते, तिच्या आरंभीच्या ओळींत आपण कॉन्फिगरला नेमकी कोणती आज्ञा दिली होती ती शब्दशः लिहिलेली असते, आणि त्याखाली यंत्राला विचारलेला प्रत्येक प्रश्न व त्याचे उत्तर. ती फाइल निबंधाच्या कच्च्या सामग्रीबरोबर जपून ठेवावी.